हिरडीचा रंग आणि हिरडीचं आरोग्य

दात पांढरे करून देणाऱ्या जाहिरातींत आता हिरड्या गुलाबी करून देण्याचंही आश्वासन दिसतं. हा उपचार खोटा नाही आणि जाणत्या हातांत तो बहुधा सुरक्षितही असतो. आक्षेप आहे तो काळी हिरडी म्हणजे बिघडलेली हिरडी, या समजुतीला. हिरडीच्या आवरणाच्या सर्वांत खालच्या थरात मेलॅनिन हे रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी असतात. गोऱ्या आणि सावळ्या माणसांत त्यांची संख्या साधारण सारखीच असते, त्या रंग किती बनवतात यात फरक असतो. तो मुख्यतः आनुवंशिक आहे. डमेट आणि गुप्ता यांनी १९६४ मध्ये तोंडातल्या रंगछटेसाठी गुलाबीला शून्य आणि गडद तपकिरी किंवा काळसर निळ्याला तीन अशी श्रेणी मांडली. ती रंग मोजते, रोग नव्हे.

लहानपणापासूनचा, दोन्ही बाजूंना सारखा पसरलेला काळपटपणा निरुपद्रवी असतो. नव्याने आलेला रंग मात्र काहीतरी सांगत असतो. सिगारेट-बिडी ओढणाऱ्यांच्या पुढच्या हिरड्या काळवंडतात आणि व्यसन सुटल्यावर तो रंग काही महिन्यांत किंवा वर्षांत आपोआप फिका होतो. आपल्याकडे मशेरी लावणाऱ्या बायकांच्या हिरड्यांशी तर तंबाखूचा रोजचाच संबंध. मिनोसायक्लिनसारखं प्रतिजैविक, हिवतापावरच्या काही गोळ्या किंवा ॲड्रिनल ग्रंथींचा ॲडिसन्स हा आजार यांमुळेही तोंडात डाग उमटतात. एकच डाग वाढत असेल, तर क्वचित तो कर्करोगही निघतो. अशा वेळी कारण न शोधता डाग खरवडणं म्हणजे रोगाची खूण पुसून टाकणं होय.

सुरीने, घासून काढणाऱ्या फिरत्या बरने (दंतवैद्याच्या यंत्राच्या टोकाने), द्रवरूप नायट्रोजनने गोठवून किंवा लेझरने, कसाही केला तरी उपचाराचं तत्त्व एकच आहे : रंग धरणारा थर काढायचा आणि नवा थर येऊ द्यायचा. लेझरने रक्तस्राव कमी होतो. सुरी स्वस्त पडते आणि जखम लवकर भरते. पण आजूबाजूच्या रंगपेशी नव्या थरात सरकतात, म्हणून रंग कुणाला काही महिन्यांत, कुणाला काही वर्षांनी परत येतो. हिरडी पातळ असेल आणि थर जास्त खोल निघाला, तर ती आकसून दाताचं मूळ उघडं पडू शकतं. त्यामुळे कायमची गुलाबी हिरडी हा शब्द कुणी देत असेल, तर तो न पाळता येणारा शब्द आहे.

यावर कुणी म्हणेल, माणूस स्वतःच्या पैशाने स्वतःच्या हिरडीचं काहीही करील, इतरांना काय त्याचं? म्हणणं रास्त आहे. हसताना वरची हिरडी जास्त दिसणारी मुलगी लग्नाच्या बाजारात काय काय ऐकते, हे ठाऊक असताना तिच्या निवडीला उथळ म्हणणं निष्ठुरपणाचं होईल. पण निवड खरी तेव्हाच, जेव्हा हा आजार नाही, रंग परत येऊ शकतो आणि काहीच केलं नाही तरी नुकसान नाही, या तीन गोष्टी आधी स्पष्ट सांगितल्या जातात. गोरेपणाच्या क्रीमने त्वचेचं जे केलं, तेच आपण हिरडीचं करायचं का, हा प्रश्न दंतवैद्यांनीही स्वतःला विचारावा.

काळ्या हिरडीत सूज आली तरी लाली चटकन दिसत नाही, म्हणून रंगापेक्षा रक्ताकडे लक्ष हवं. ब्रश करताना रक्त येत असेल, तर आधी दात साफ करून घ्या आणि हिरड्यांचा आजार बरा करा. तंबाखू असेल, तर ती सोडा. एवढं झाल्यावरही रंग खुपत असेल, तर खुशाल उपचार घ्या. पण रंग परत आला तर पुढे काय आणि त्याचा खर्च किती, हे पैसे भरण्याआधी विचारा.