सायकलीवरून सागरतीर

गेल्या मासीं या सदरांत आमचें लिखाण आलें नाहीं, म्हणून कांहीं वाचकांनीं पृच्छा केली. कारण सांगावयास थोडा संकोच वाटतो. त्या दिवसांत आम्ही श्रीवर्धनापासून रत्नागिरीपर्यंत समुद्राच्या कडेकडेनें एकटेच सायकल चालवीत होतों. वय पासष्टीच्या घरांत, गुडघे वयास साजेसे, आणि गिअरची सायकल पुतण्याची, मागून आणलेली.

घरांत या बेताचें स्वागत झालें नाहीं. दादा कांहींच बोलले नाहींत. वहिनी मात्र म्हणाल्या, "भावोजी, जायचं तर जा, पण रोज दिवेलागणीला फोन यायला हवा." आम्हीं वचन दिलें.

मार्गशीर्ष महिना मुद्दाम निवडला होता. या दिवसांत किनाऱ्यावर दुपारचा वारा बहुधा वायव्येकडून येतो. उत्तरेकडून दक्षिणेस जाणारास तो पाठीमागून ढकलतो. एवढें एक अनुमान आमचें खरें ठरलें. बाकी समुद्रकांठ म्हणजे सपाटी, हा समज पहिल्याच दिवशीं गळाला. तीस वर्षें वर्गांत आम्हीं निळ्या खडूनें कोंकणच्या खाड्या काढल्या. पण दोन खाड्यांच्या मध्यें जांभ्या दगडाचा सडा असतो, त्यावर चढावें लागतें, आणि पलीकडे उतरून तरींत पाऊल ठेवावें, तों पैलतीरीं पुन्हां तोच चढ उभा असतो, हें फळ्यावर कधीं दाखविलें नाहीं. 'द्विचक्रिका' हा आमचा आवडता शब्द चढावर एकदांही आठवला नाहीं.

सावित्री, वाशिष्ठी आणि शास्त्री या तिन्ही नद्या आम्हीं त्यांच्या मुखाशीं फेरीबोटीनें ओलांडल्या. बागमांडल्यास तिकीट देणाऱ्या मुलानें विचारलें, "आजोबा, मागं कोण येतंय?" कोणी नाहीं, हें सांगतांना आम्हांस अभिमान वाटला, हें कबूल केलें पाहिजे. १९२३ सालीं मुंबईहून सायकलीवर पृथ्वीप्रदक्षिणेस निघालेल्या पारशी तरुणांपैकीं आदि हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगरा हे तिघे १९२८ सालीं ती पुरी करून परतले. त्यांच्यापुढें आमची काय कथा! पण तेही तिघे होते, असें आम्ही मनाशीं घोकत होतों.

तिसऱ्या दिवशीं दाभोळहून धोपाव्यास उतरलों. साखळीस दोन दिवसांची खारी हवा आणि पुळण लागली होती. रात्रीं पुसून तेल द्यावयास हवें होतें, तो आळस केला. चढाच्या मध्यावर ती तुटली. जोडण्याचें हत्यार पुतण्यानें पिशवींत घातलें होतें, वापरही दाखविला होता. तेव्हां आम्हीं विद्यार्थी हलवितात तशी मान हलविली होती. दिवसभर नकाशा पाहण्यांत फोन निष्प्राण झालेला. उतारावर बसावें, चढावर ढकलावें, असें करीत गुहागरास पोंचलों तेव्हां नऊ वाजून गेले होते.

व्याडेश्वराच्या देवळाजवळील एका खाणावळवाल्यानें आपला फोन दिला. इकडे दादा मोटार काढून निघण्याच्या तयारींत होते. वहिनी जेवल्या नव्हत्या. आम्ही कारणें सांगूं लागलों. त्यांनीं तीं सर्व ऐकून घेतलीं.

"भावोजी, फोन आला नाही याचं इतकं नाही वाटलं. तुमचा मुक्काम कुठं, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. शोधायचं कुठं?"

यास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. एकट्यानें जाण्याची हौस अशी, कीं मुक्काम सांगणें म्हणजे परवानगी मागणें, असें आम्हीं धरून चाललों होतों.

सकाळीं सायकलवाल्यानें दोन कड्या काढून साखळी सांधली. आम्हीं तवसाळ, जयगड, मालगुंड, गणपतीपुळें अशीं नांवें वेळांसह घरीं सांगितलीं. वहिनींनीं तीं दिनदर्शिकेच्या पाठीमागें लिहून घेतलीं. जयगडास उतरतांच फोन केला.

मालगुंड हें केशवसुतांचें जन्मग्राम. त्यांच्या कविता आम्हीं आयुष्यभर मुलांस शिकविल्या, पण तेथें जाणें कधीं घडलें नव्हतें. त्यांच्या स्मारकांत अर्धा तास बसावयाचें ठरविलें होतें. दोन तास तरी जातील असें दिसलें, तेव्हां घरीं तसें कळविलें.

"बसा की," वहिनी म्हणाल्या. "पण गणपतीपुळ्याला किती वाजता, ते नवीन सांगा. इथं खोडून लिहिते."