आधी पाना, मग कानस

"फ्रेट्स गेलेत साहेब, घासावे लागतील." हे वाक्य पुन्हा कुणी माझ्यासमोर म्हटलं, तर मी त्याच्या हातातली कानस हिसकावून घेणार आहे.

झालं असं, की गेल्या पावसाळ्यात मी माझ्या बेस गिटारचे सॅडल खाली घेतले. तारा फ्रेट्सच्या जवळ आल्या की बोटांना कष्ट कमी, एवढाच स्वार्थ. त्याच बैठकीत ४५-१०५ चा सेट काढून ४०-१०० चा हलका सेटही चढवला. (दोन बदल एकाच वेळी! ऑफिसात एखाद्या ज्युनिअरने हे केलं असतं, तर मीच त्याला रिव्ह्यूमध्ये सोलला असता. असो.) परिणाम काय, तर ई तारेवर पहिल्या चार फ्रेट्सना नुसती खर्रखर्र. दुकानात नेली. तिथल्या गृहस्थांनी दोन मिनिटं वाजवली, काहीही मोजलं नाही, निदान सांगितलं. आठवड्याने गिटार परत आली. फ्रेट्स घासलेले, खिसा हलका, आणि खर्रखर्र जिथल्या तिथे!

मग चिडून स्वतःच बसलो. गोष्ट साधी आहे हो. बेसची जाड ई तार सेकंदाला साधारण ४१ वेळा हलते आणि तिचा झोका मोठा असतो. त्या झोक्याला जागा मिळावी म्हणून नेक मधोमध किंचित खोलगट लागते. तारा नेकला पुढे ओढतात, आतला ट्रस रॉड मागे खेचतो. हलक्या तारा लावल्या की ओढ कमी होते, रॉड मात्र तेवढ्याच जोराने खेचत राहतो. नेक सरळसोट होते आणि तार पहिल्याच फ्रेट्सवर आपटायला लागते.

मोजायला पहिल्या फ्रेटवर कॅपो, शेवटच्या फ्रेटवर बोट, आणि आठव्या फ्रेटपाशी तारेखाली फीलर गेज. तोच, मेकॅनिकलवाले वर्कशॉपमध्ये मिरवायचे तो. फेंडर बोर्डाच्या गोलाईप्रमाणे ०.२५ ते ०.३५ मिमी फट ठेवायला सांगते. माझ्याकडे ०.०५ ची पट्टीसुद्धा सरकेना! अ‍ॅलन कीने रॉड पाव फेरा ढिला केला, पुन्हा सुरात लावली, दुसऱ्या दिवशी मोजून आणखी थोडा. ई तारेचा सॅडल अर्धा फेरा वर. संपलं.

म्हणजे खर्रखर्र कुठे येते तेच तुम्हाला कारण सांगत असतं. पहिल्या चार-पाच फ्रेट्सवर असेल तर आधी नेक तपासा. बाराव्याच्या पुढे असेल तर बहुधा सॅडल फार खाली गेलाय. फक्त मोकळ्या तारेवर असेल तर नटची खाच. आणि एकाच फ्रेटजवळ अडत असेल, तर तो किंवा त्याच्या पुढचा उंच आहे, तेव्हा खुशाल कानस काढा. पण सगळ्यात शेवटी!

यावर लोक म्हणतात, "ट्रस रॉडला हात लावू नये, मोडतो." अडला तर जोर लावू नका, कबूल. पण पाव फेरा उलटा फिरवता येतो, घासलेला धातू परत चिकटवता येतो का? उलट करता येणाऱ्या गोष्टीची भीती, आणि न येणारी बिनधास्त करायची, हे कुठलं लॉजिक?

शिवाय प्रत्येक खर्रखर्र मारायलाच हवी असं कोणी सांगितलं? आधी अ‍ॅम्प लावून ऐका. तिथे ऐकू येत नसेल तर वाजवत बसा. लॅरी ग्रॅहमने अंगठ्याने तार हाणून स्लॅप लोकप्रिय केला, त्यात तारेचं फ्रेटवर आपटणं हाच तर आवाज आहे. आणि आमच्या मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची जवारी काढायला घोडी घासतात ती कान लावून लावून, तारेखालचा दोरा केसभर इकडे-तिकडे सरकवत. तीही कानसच, पण ऐकल्याशिवाय फिरत नाही.

दुकानात फोन करून विचारलं, "नेक मोजली होतीत का?" उत्तर आलं, "साहेब, तुमचा हात जड आहे."

असेलही जड. पण मग फ्रेट्स कशाला घासलेत?