परसदार : गादीवाफ्याची आखणी

वैशाख सरत आला की सुरतेतील मराठी घरांतून पावसाळी भाजीपाल्याचे बेत सुरू होतात. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत खानदेशातून येऊन स्थिरावलेली कुटुंबे पुष्कळ. काळ्या मातीशी त्यांचा परिचय पिढ्यान्‌पिढ्यांचा. तरीही आषाढात मिरची-वांग्यांची रोपे पिवळी पडून माना टाकतात, ही तक्रार दरवर्षी आमच्या कानी येते.

दोष बियाण्याचा नसतो. धुळ्याकडे पाऊस थोडा. तेथे रोपाभोवती आळे करून पाणी अडवावयाचे, ही रीत योग्यच आहे. सुरतेत पाऊस त्याच्या सुमारे दुप्पट. येथे तेच आळे डबके होते, मुळांना हवा मिळेनाशी होते आणि ती कुजतात. माती ओळखीची असली तरी आभाळ निराळे आहे. म्हणून येथे गादीवाफाच हवा.

आखणी आधी कागदावर करावी. पाच-सहा तास ऊन मिळणारी जागा निवडावी; छपराची पन्हळ जेथे गळते ती टाळावी. रुंदी चार फुटांहून अधिक नसावी, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो. वाफ्यात पाय मुळीच पडू नये. ओली काळी माती तुडवली की दगडासारखी बसते. लांबी १० फूट व उंची एक फूट धरल्यास ४० घनफूट भर लागते : २० परसातील माती, १० कुजलेले शेणखत, १० रेती व भाताचे तूस. तळाची जमीन वीतभर खणून मोकळी करावी. फरशी वा प्लास्टिक घालू नये.

कडेस जुन्या विटा चालतात. चार थरांना साधारण १५० पुरतात. त्या सिमेंटने सांधू नयेत. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पक्की भिंत तिच्याबरोबर तडकते. किंचित आत झुकवून कोरड्या रचलेल्या विटा हलल्या तरी पुन्हा बसवता येतात, सांध्यांतून पाणीही निघून जाते. रंगाई-छपाईच्या कारखान्यांतील राख वा गाळ फुकट मिळाला तरी भाजीच्या मातीत घालू नये.

हळद व आले पावसाआधीच लावावे. अळू मात्र खालच्या ओलीतच राहू द्यावे. पाऊस ओसरल्यावर मेथी, मुळा आणि मांडवावर सुरती पापडी. उंच वाफा उन्हाळ्यात लवकर सुकतो. तेव्हा उसाच्या पाचटाचे आच्छादन घालावे. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर 'प्रयोग परिवारा'तून पालापाचोळ्याचे मोल सांगत असत, त्याचा प्रत्यय येथे येतो.

ऑगस्ट २००६ मध्ये तापीचा पूर शहरभर पसरला. तशा पुरापुढे फूटभर वाफ्याची काय कथा! पुराचे पाणी शिरलेल्या वाफ्यातील भाजी खाऊ नये, उपटून टाकावी. पण नित्याच्या पावसातून हा वाफा रोप तारतो. शिवाय भाड्याचे घर बदलावे लागले, तर विटा आणि ती कसदार माती गाडीत घालून नव्या परसात नेता येते.