ग्रामसभेची वही आणि आपली सही



या सदरात आम्ही घरखर्चापासून मुलांच्या शिष्यवृत्तीपर्यंत अनेक हिशेब मांडले. गावाकडून येणाऱ्या पत्रांत मात्र एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो. "ग्रामसभेला जाऊन आम्हाला काय मिळते? ठरायचे ते आधीच ठरलेले असते." विचारणारे खोटे बोलत नाहीत. अनेक गावांत पाच-सहा माणसे कुणाच्या तरी ओसरीवर बसून ठरवतात आणि ग्रामसभेत त्याच्यावर नुसता शिक्का बसतो. तरीही आमचे उत्तर आहे, की जा. आणि नुसते जाऊन येऊ नका, वही मिटेपर्यंत बसा.

आपल्या आजोबा-पणजोबांना चावडी चांगली ठाऊक होती, पण ती पायरीपर्यंतच. गावकामगार म्हणून पाटलाचा निरोप घरोघर पोचवायचा, सरकारी टपाल तालुक्याला न्यायचे, शिवेचा तंटा निघाला तर शीव दाखवायची. बैठकीला माणसे बोलावून आणायची आपण आणि बैठकीत बसायचे दुसऱ्यांनी. ही वतनाची गुलामी मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात विधेयक मांडले. पुढे कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा झाला, तो १९५८ चा. आज आपल्या ग्रामपंचायती ज्या कायद्याने चालतात तो अधिनियमही १९५८ चाच. एका कायद्याने चावडीची वेठ सुटली, दुसऱ्याने ग्रामपंचायतीच्या सभेत बसण्याचा हक्क दिला. वेठ गेली हे आपण जाणतो. बसण्याचा हक्क मात्र अजून पुरता वापरलेला नाही.

गावाविषयी बाबासाहेबांचे मत सर्वांना ठाऊक आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत त्यांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना स्पष्ट शब्दांत सुनावले होते. खेडे म्हणजे संकुचितपणाचे, अज्ञानाचे आणि जातीयतेचे घर, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. त्याच महिन्यात ग्रामपंचायतींविषयीची दुरुस्ती समितीपुढे आली आणि ती त्यांनी स्वीकारली. तेच आजचे कलम ४०. पण त्याच्याही सोळा वर्षे आधी, ऑक्टोबर १९३२ मध्ये, मुंबईच्या कायदे कौन्सिलात ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना त्यांनी एक मागणी केली होती, ती फार कमी लोकांना माहीत असते. गावाच्या हाती सत्ता द्यायची असेल, तर अस्पृश्यांना त्या पंचायतीत राखीव जागा हव्यात, असे त्यांनी बजावले होते. म्हणजे गावावर विश्वास नाही म्हणून पंचायतीकडे पाठ फिरवा, असे बाबासाहेबांनी सांगितले नाही. विश्वास नाही म्हणूनच आपला माणूस तिथे बसला पाहिजे, असे सांगितले.

ही मागणी साऱ्या देशासाठी घटनेत यायला साठ वर्षे लागली. ७३ वी घटनादुरुस्ती १९९२ ची, ती लागू झाली २४ एप्रिल १९९३ पासून. लोकसंख्येच्या प्रमाणात अनुसूचित जातींना जागा, सरपंचपदालाही आरक्षण आणि स्त्रियांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्रात २०११ पासून स्त्रियांचा वाटा निम्मा झाला. आज आपल्या वस्तीतली मजुरी करणारी बाई पंच होते, सरपंच होते. ही लहान गोष्ट नाही. या खुर्चीसाठी रक्त सांडले आहे. तमिळनाडूत मदुराई जिल्ह्यातील मेलावळवू गावी राखीव झालेल्या अध्यक्षपदावर मुरुगेसन निवडून आले. ३० जून १९९७ रोजी बसमधून उतरवून त्यांच्यासह सहा जणांची हत्या करण्यात आली. कारण एकच, राखीव जागेवर ते उभे राहिले आणि निवडून आले.

खुर्ची मिळाली, पण कारभार खुर्चीवर होत नाही, तो वहीत होतो. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर आणि पेशाने कारकून, म्हणून असेल, पण आमची खात्री आहे, की ज्याच्या हातात वही त्याच्या हातात गाव.

आता पैशांचेच पाहू. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती, बाजार फी हे ग्रामपंचायतीचे स्वतःचे उत्पन्न. त्यातले १५ टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. समजा, एखाद्या ग्रामपंचायतीचे स्वतःचे उत्पन्न वर्षाला ८ लाख रुपये आहे. १५ टक्क्यांचे झाले १ लाख २० हजार. पाच वर्षांच्या मुदतीत झाले ६ लाख. आपल्या वस्तीत गेल्या पाच वर्षांत या पैशांतून काय झाले, असे घरी बसल्या विचारा. बहुतेक ठिकाणी उत्तर येते, "समाजमंदिराला सतरंज्या आल्या होत्या." कुठे खुर्च्या, कुठे भांडी. कुठे रस्ता झालेला असतो, पण तो वस्तीच्या कडेने एखाद्या बागाईतदाराच्या मळ्यापर्यंत गेलेला असतो. कागदावर मात्र तो मागासवर्गीयांचाच रस्ता.

हा १५ टक्क्यांचा पैसा वेगळा आणि अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांच्या विकासाची योजना वेगळी. जुनी माणसे तिला दलित वस्ती सुधार योजना म्हणतात. तिचा पैसा समाजकल्याणकडून येतो आणि वस्तीच्या लोकसंख्येनुसार ठरतो. म्हणून आराखडा तयार होताना वस्तीची माणसे बरोबर मोजली गेली की नाही, हे पाहणे आपले काम आहे. रमाई आवास योजनेतील घरकुलाची निवडही ग्रामसभेतून जाते. आपले घर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला लागलेले नसेल, तर घरकुलाच्या वेळी धावपळ होते. नाव यादीतून गळाले, की मग आपण मंत्रालयाला अर्ज करतो. ज्या दिवशी यादी गावात वाचली गेली, त्या दिवशी आपण कुठे होतो?

बहुतेक जण तिथेच होते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. ध्वजवंदनानंतर शिपाई हजेरीची वही फिरवतो. आपले लोक सह्या करतात, अंगठे उठवतात आणि उठून येतात. कुणाला कामावर जायचे असते, कुणाची जनावरे बांधलेली असतात. मागे वही कोरी राहते. दुपारी किंवा दुसऱ्या दिवशी त्यात ठराव लिहिले जातात. त्या ठरावांना आपली सही आधीच मिळालेली असते.

गणपूर्तीचेही असेच आहे. गावातील मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतील जी संख्या कमी असेल तेवढे लोक ग्रामसभेला लागतात. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची गरज राहत नाही. म्हणजे आपण गेलो नाही तर सभा अडून राहते, हा गैरसमज आहे. आपण गेलो नाही तर सभा आणखी सोपी होते.

यावर वस्तीत एक प्रश्न विचारला जातो, तो आम्ही टाळणार नाही. "ज्याच्या रानात उद्या खुरपायला जायचे, त्याच्यासमोर आज हात वर कसा करायचा?" शहरात पंख्याखाली बसून या प्रश्नाला शौर्याचे उत्तर देणे सोपे आहे. मजुरी बंद झाली, उसने धान्य बंद झाले, की चूल कशी पेटवायची हे त्या बाईलाच ठाऊक. म्हणून आम्ही कुणा एकट्याला पुढे होऊन भांडायला सांगत नाही. एकट्याचा आवाज दाबता येतो. वीस सह्यांचा अर्ज दाबणे अवघड जाते.

आमच्या तालुक्यातील एका गावी बायकांनी हे करून दाखवले. वस्तीच्या शेवटच्या गल्लीत नळ नव्हता. पुरुष दरवर्षी सरपंचांना भेटत आणि दरवर्षी "बघू" हे उत्तर घेऊन येत. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते, हे तिथल्या अंगणवाडी मदतनीस ताईंनी सांगितले. वस्तीतल्या अठरा बायका त्या सभेला गेल्या. भाषण कुणी केले नाही. एवढेच म्हणाल्या, "भाऊसाहेब, आमची मागणी वहीत लिहा आणि लिहिलेली वाचून दाखवा." ग्रामसेवकाने लिहिले, वाचले. मग सह्या झाल्या. दुसऱ्या दिवशी ती मागणी ग्रामसभेपुढे आली, तिला ठराव क्रमांक पडला आणि आठवड्याने त्यांनी ठरावाची नक्कल घेतली. नळ यायला पुढे सात महिने लागले. मध्ये दोनदा काम दुसरीकडे वळवण्याचा घाट घातला गेला, पण दोन्ही वेळा बायका नक्कल घेऊन पंचायत समितीत गेल्या. कुणाशी वैर झाले नाही, कुणाची मजुरी बंद झाली नाही. भांडण माणसाशी नव्हते, वहीतल्या दोन ओळींसाठी होते.

तेव्हा आमच्या मते प्रत्येक वस्तीने एवढे नेम पाळावेत.

पहिला. वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात आणि नेहमीच्या सभेची सूचना सात दिवस आधी निघते. सूचना फळ्यावर लागली, की त्याच संध्याकाळी विहारात बसा आणि दोनच मागण्या ठरवा. दहा मागण्या केल्या तर एकही होत नाही.

दुसरा. मागणी कागदावर लिहून द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. वॉर्डसभा आणि महिलांची सभा चुकवू नका. तिथे बोलणे मोठ्या सभेपेक्षा सोपे जाते.

तिसरा. आर्थिक वर्षाच्या पहिल्या ग्रामसभेपुढे मागील वर्षाचा जमाखर्च ठेवावा लागतो. त्या दिवशी एकच प्रश्न विचारा. "स्वतःचे उत्पन्न किती झाले, त्याचे १५ टक्के किती आणि ते कशावर खर्च झाले?" उत्तर वहीत लिहून घ्यायला सांगा.

चौथा. ठराव लिहून, वाचून दाखवल्यानंतरच सही. सही आधी मागितली तर शांतपणे म्हणा, "आम्ही शेवटी करतो."

पाचवा. कागद मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. फी १० रुपये, मुदत ३० दिवस. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला फी नाही. दहावी-बारावी झालेली आपली मुले-मुली हा अर्ज सहज लिहू शकतात.

निवडून आलेल्या भगिनी-बंधूंसाठीही दोन शब्द. जात पडताळणीचे प्रमाणपत्र ठरलेल्या मुदतीत दिले नाही, तर पद जाते. सरकारी जागेवर अतिक्रमण असेल, तरीही पद जाते. आपली कितीतरी घरे पिढ्यान्‌पिढ्या गायरानात आहेत, म्हणून अर्ज भरण्याआधीच कागद जाणकाराला दाखवून घ्या. महिला सरपंचांचे पती, दीर, सासरे यांना आमची विनंती आहे, की बैठकीत बाईंच्या जागी तुम्ही बसू नका. बाहेरच्यांनी हक्क नाकारला तर आपण मोर्चा काढतो. मग तो घरातल्यांनी नाकारलेला कसा चालेल? आणि बाहेरचे कुणी आपल्या पंचाला वा सरपंचाला धाक दाखवून काम करू देत नसेल, तर अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने तो स्वतंत्र गुन्हा ठरला आहे. सार्वजनिक पाणवठा किंवा स्मशानभूमी वापरण्यापासून अडवणे, हाही त्याच कायद्याखाली गुन्हा आहे.

मुंबई, पुणे, नाशिकला कामधंद्यासाठी राहणाऱ्या बांधवांना हे वाचून वाटेल, की आता गावी जाऊन सगळे सरळ करू. जरा थांबा. गावच्या मतदार यादीत ज्याचे नाव, तोच ग्रामसभेचा सदस्य. तुम्ही दोन दिवस जाऊन तावातावाने बोलाल आणि रात्रीच्या एसटीने परत याल. नंतरचे सगळे भोगावे लागते मागे राहणाऱ्या आईला नि भावजयीला. त्यापेक्षा १४ एप्रिलला गावी जाल तेव्हा वर्गणीच्या पावतीबरोबर ग्रामपंचायतीच्या जमाखर्चाची नक्कलही पाहा. विहारात सगळ्यांना बसवून ती मोठ्याने वाचा. कोणती रक्कम कशाची, हे वहिनींना समजेपर्यंत सांगा. बोलायचे काम त्या करतील.

'शिका' या शब्दाचा अर्थ आपण शाळा-कॉलेजापुरता घेतला. पुष्कळ मुले शिकली, साहेब झाली, याचा अभिमान आहेच. पण वस्तीत राहिलेल्या माणसाला गावचा जमाखर्च वाचता येणे, हेही त्याच शिक्षणात मोडते. येत्या ग्रामसभेला चष्मा आणि पेन बरोबर घेऊन जा. ठराव वाचून झाला, की मग सही करा. सही मराठीत, पूर्ण नावाने आणि सावकाश करा.

जय भीम! जय भारत!