स्प्रिंग कापू नका

पुढच्या चाकांवर गाडी इतकी बसवायची की मडगार्ड आणि टायर यांत बोटही शिरू नये, ही हौस आता एमएच ०६ या पेणच्या पाटीवरही दिसते. खाली बसलेली गाडी वळणावर चिकटून चालते, हे पोरांचे म्हणणे खोटे नाही. गुरुत्वमध्य उतरला की वळणावर बाहेरच्या चाकांवर सरकणारा भार कमी होतो. पण त्यासाठी त्या उंचीला जुळणाऱ्या स्प्रिंगा आणि शॉक अॅब्सॉर्बर जोडीने लागतात. आपल्याकडे ग्राइंडर लावून स्प्रिंगचा एखादा वेढा उडवतात. वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते आणि जुन्या शॉकला तिची उसळी आवरत नाही. चाक खड्ड्यात लोंबले की आखूड स्प्रिंग बैठकीतून सुटू शकते. चाकाला वर यायला जागाही उरत नाही; ऐन वळणात गाडी बंपस्टॉपवर, म्हणजे चाकाची वरची हालचाल अडवणाऱ्या रबरावर, आदळली, तर टायरची पकड जाते. त्यातून चाक खालून धरणाऱ्या लोअर आर्मचे चाकाकडचे टोक आतल्या टोकाच्या वर गेले, तर गुरुत्वमध्य जितका उतरला त्याहून जास्त रोल सेंटर, म्हणजे वळणावर गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू, उतरते. म्हणजे जे कमी करायला खटाटोप केला, ते कलणे उलट वाढू शकते.

पेणहून वडखळ, नागोठणे करत भिसे खिंडीतून रोह्याला जाताना चाक रस्त्याला धरून राहणे महत्त्वाचे, आणि त्यासाठी त्याला वरखाली व्हायला मोकळीक हवी. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मापाचा गतिरोधकसुद्धा १० सेंटीमीटर उंच असतो. साध्या हॅचबॅकच्या पोटाखाली १६-१७ सेंटीमीटर जागा; त्यातले पाच काढून चार माणसे बसवल्यावर उरते काय?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाबाहेरचा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितले. बेकायदा बदलासाठी मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

गाडी वळणावर डुलते, तर आधी टायर, हवेचा दाब, गळलेले शॉक, झिजलेले बुश आणि अलाइनमेंट पाहावे. पेणच्या परिवहन कार्यालयानेही दंडाच्या पावत्यांवर न थांबता गॅरेजवाल्यांना आणि या मुलांना एकत्र बोलवावे, आणि लिफ्टवर चढवलेल्या गाडीखाली उभे करून कापलेली स्प्रिंग दाखवावी.