परीक्षा द्यावी की घ्यावी?

इंग्रजीच्या उत्तरपत्रिका तपासताना ‘आय गेव्ह द एग्झॅम’ हे वाक्य आमच्या दृष्टीस पडले नाही, असे एकही वर्ष आम्हांस आठवत नाही. या वाक्यात व्याकरणाचा दोष काढता येत नाही. कर्ता आहे, काळ बिनचूक आहे, कर्म जागच्या जागी आहे. तरीही इंग्रजी ज्याची मायबोली आहे अशा गृहस्थाने ते वाचले, तर लिहिणारा परीक्षार्थी नसून परीक्षक असावा, असाच त्याचा समज होईल. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि शिक्षक ती घेतात, हिंदीतही तसेच. इंग्रजीत मात्र विद्यार्थी परीक्षा ‘टेक’ करतो आणि शिक्षक ती ‘गिव्ह’ करतात. वर्ग तोच, प्रश्नपत्रिका तीच. देणारा आणि घेणारा यांची मात्र अदलाबदल झालेली असते.

‘मुलाला व्याकरणाचे नियम पाठ आहेत, शब्दही पुष्कळ येतात, मग त्याचे इंग्रजी असे अवघडल्यासारखे का वाटते?’ असे अनेक पालक आम्हांस विचारतात. त्याचे एक मोठे कारण वरील वाक्यात आहे. मुलाने शब्द सुटे पाठ केलेले असतात. पण भाषेत शब्द सुटे राहत नाहीत. प्रत्येक नामाची आपली ठरलेली क्रियापदे असतात आणि ती गाठ त्या त्या भाषेने पिढ्यान्‌पिढ्या बोलून बोलून बांधलेली असते. आपण आपल्या भाषेतील क्रियापदाचा प्रतिशब्द शोधून परक्या नामापुढे ठेवतो, आणि तिथेच फसगत होते.

‘डू’ आणि ‘मेक’ ही जोडगोळी पाहा. आपण दोन्हींसाठी ‘करणे’ म्हणतो. आपल्याकडे अभ्यास करतात, चूक करतात, निश्चय करतात, गडबडही करतात. इंग्रजीत गृहपाठ, कर्तव्य आणि घरकाम यांना ‘डू’ लागते. चूक, निश्चय, वचन आणि गोंगाट यांना ‘मेक’ लागते. यात काही सूत्र आहे काय? थोडेसे आहे. जे काम आधीच ठरलेले असते व केवळ पार पाडायचे असते, तेथे बहुधा ‘डू’ येते. जे आपल्या करण्यामुळे नव्याने अस्तित्वात येते, तेथे बहुधा ‘मेक’ येते. गृहपाठ गुरुजींनी नेमून दिलेला असतो. चूक मात्र आपली स्वतःची निर्मिती असते! तथापि हे सूत्र सर्वत्र चालत नाही. इंग्रज माणूस कोणावर उपकार करतो तेव्हा ‘डू’ वापरतो, आणि सकाळी उठून अंथरूण नीटनेटके करतो तेव्हा ‘मेक’ वापरतो. त्याने काही नवा पलंग घडवलेला नसतो. म्हणून सूत्र हाताशी असावे, पण भिस्त सवयीवर ठेवावी.

दुसरा भेद याहून खोल आहे. आपल्याला भूक लागते, राग येतो, सर्दी होते, स्वप्न पडते. या साऱ्या गोष्टी आपल्याकडे चालून येतात आणि आपण ‘मला’ म्हणून बाजूला उभे राहतो. इंग्रजीत बहुधा माणूसच कर्ता होऊन पुढे येतो. तो सर्दी ‘कॅच’ करतो, म्हणजे जणू धावत जाऊन पकडतो; स्वप्न ‘हॅव’ करतो, म्हणजे बाळगतो. आपण लक्ष देतो, तो लक्ष ‘पे’ करतो. जणू पदरचे पैसेच मोजतो. कोठे कोठे दोन्ही भाषा जुळतातही. शपथ आपणही घेतो आणि इंग्रजही ‘टेक’ करतो; काळजीचेही तसेच. अशा जुळणाऱ्या जोड्यांमुळेच, सर्वत्र असेच चालत असेल, असा मुलांचा भ्रम होतो.

इंग्रजी शिकवणाऱ्यांच्या ध्यानात ही अडचण फार पूर्वी आली होती. जपानमध्ये इंग्रजी शिकवण्याच्या सुधारणेचे काम करणाऱ्या हॅरल्ड पामर यांनी १९३३ मध्ये अशा शब्दजोड्यांचा मोठा संग्रह टोकियोत प्रसिद्ध केला. त्यांचे सहकारी ए. एस. हॉर्नबी यांनी आणखी दोघा शिक्षकांच्या साह्याने परभाषिक विद्यार्थ्यांसाठी एक कोश रचला. तो १९४२ मध्ये जपानात निघाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो पुन्हा छापला. पुढे आपल्याकडील कितीतरी घरांत पोहोचलेला ऑक्सफर्डचा विद्यार्थिकोश तो हाच. केवळ शब्दजोड्यांना वाहिलेला ऑक्सफर्डचा स्वतंत्र कोशही २००२ मध्ये निघाला. परंतु मराठी माणसाने अभिमानाने ध्यानात ठेवावी अशी गोष्ट आणखी जुनी आहे. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश प्रथम १८३१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याची वाढवलेली आवृत्ती १८५७ मध्ये निघाली. या आवृत्तीत असंख्य नामांच्या पुढे, ते नाम कोणकोणत्या धातूंसह येते, तेही नोंदवले आहे. मराठी शिकू पाहणाऱ्या परदेशीयाला जे हवे होते, तेच आज इंग्रजी शिकणाऱ्या आपल्या मुलांना हवे आहे.

आता थोडे घरात डोकावू. इंग्रजीत साडी असो, सदरा असो, चष्मा असो की अत्तर, सर्वांना एकच ‘वेअर’ पुरते. आपल्याकडे साडी नेसतात, सदरा घालतात, शाल पांघरतात, फेटा बांधतात, गजरा माळतात आणि अत्तर लावतात. देवापुढे नारळ फोडला तरी तो ‘वाढवला’ म्हणतात. ही श्रीमंती आमच्या माळव्यातील मराठी घरांतून मात्र हळूहळू ओसरते आहे. हिंदीच्या सहवासाने मुलांना थंडी वाजेनाशी झाली, ती ‘लागू’ लागली. ‘मला मदत कर’ याचे ‘माझी मदत कर’ झाले. जागेपणी मनात धरलेले स्वप्न आपण पाहतो आणि झोपेतले स्वप्न पडते, हा नाजूक भेदही ‘काल रात्री मी स्वप्न पाहिले’ या वाक्यात बुडून जातो. हिंदी ही आमच्या बाजाराची, कचेरीची आणि शाळेची भाषा आहे. तिच्याविषयी आमच्या मनात किंतु नाही. पण फोटो हिंदीत खेचावा, मराठीत काढावा आणि इंग्रजीत ‘टेक’ करावा, एवढे भान तिन्ही भाषा बोलणाऱ्या मुलाला यावयास हवे. ज्याच्या कानाला घरच्या भाषेतील जोड्यांची पारख असते, त्यालाच परक्या भाषेतही अशा जोड्या असतील ही शंका येते. आणि ती शंका येणे हाच शिकण्याचा आरंभ होय.

यासाठी पालकांनी तीन गोष्टी कराव्यात, असे आम्ही सुचवितो. पहिली, मुलाच्या शब्दांच्या वहीत नाम एकटे लिहू देऊ नये. ‘मिस्टेक’ लिहिले की शेजारी ‘मेक’ लिहावे आणि स्वतःचे एक वाक्य रचावे. दुसरी, कोशात केवळ अर्थ पाहून तो मिटू नये. खालची उदाहरणे मोठ्याने वाचावीत. तिसरी, चुकल्यावर रागावू नये. मूल ‘मला थंडी लागते’ म्हणाले, तर ‘वाजते का रे? मग ही शाल पांघर’ एवढेच म्हणावे. बरोबर जोडी कानावर पडते, आणि मुलाचा हिरमोडही होत नाही.

रात्रीच्या जेवणाच्या वेळी घरात आजी असेल, तर काम आणखी सोपे आहे. आजीने एक नाम सांगावे आणि नातवंडांनी त्याची मराठी, हिंदी, इंग्रजी क्रियापदे शोधावीत. प्रारंभ ‘दृष्ट’ या शब्दाने करून पाहा. ती लागते, ती काढतात, हे मुले चटकन सांगतील. इंग्रजीत तिचे काय करतात, हे शोधताना मात्र थोरांनाही घास हातात धरून विचार करावा लागेल.