चित्रपटांचा एक-चौदाचा उतारा

इंदूर म्हटले की होळकरांचा राजवाडा आणि लता मंगेशकरांचे जन्मस्थान आठवते. चित्रपट-व्यापारात मात्र या शहराची ओळख निराळी आहे. ‘सी. आय.’, म्हणजे सेंट्रल इंडिया या वितरण-क्षेत्राची ती पेठ होय. मध्य भारत हे राज्य १९५६ साली इतिहासजमा झाले. वितरकांच्या नकाशावरील सेंट्रल इंडिया मात्र टिकून राहिला. निर्मात्याला किमान हमीची रक्कम आगाऊ द्यावी, ठरावीक मुदतीपुरते त्या टापूचे हक्क घ्यावेत आणि रिळे गावोगाव फिरवावीत, हा तेथील रिवाज. मुदत सरली की हक्क मालकाकडे परत येत.

व्हिडिओने हा हिशेब मोडला. कॅसेटला टापूची सीमा ठाऊक नव्हती. मुंबईत १९६२ साली पुस्तकांचे वाचनालय म्हणून निघालेली ‘शेमारू’ १९७९ मध्ये कॅसेटी भाड्याने देऊ लागली आणि पुढे चित्रपटांचे हक्कच विकत घेऊ लागली. जुना चित्रपट तेव्हा अडगळ समजला जाई. हाती चार पैसे पडताच अनेकांनी मोघम कागदांवर सह्या केल्या. पुढे उपग्रह वाहिन्या आल्या, इंटरनेट आले आणि त्या अडगळीला सोन्याचा भाव आला. ज्याने वेळीच पैसा गुंतवला त्याला आम्ही दोष देणार नाही. दोष आहे तो कागदाच्या मोघमपणाचा.

कायद्याला हे उशिरा उमगले. करारात मुदत नसेल तर हक्क पाच वर्षांपुरता आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता, असे आता मानले जाते. करारसमयी जे माध्यम अस्तित्वातच नव्हते त्याचा हक्क, स्पष्ट उल्लेखाविना, दिला गेला असे समजायचे नाही, हे २०१२ च्या दुरुस्तीने ठरवले. परंतु निर्माता सही करण्यापूर्वी वाचणारच नसेल तर कायदा तरी काय करणार?

शिवाय हक्क म्हणजे चित्रपट नव्हे. ‘आलम आरा’ (१९३१) या आपल्या पहिल्या बोलपटाची एकही प्रत उरलेली नाही. २००३ साली पुण्यात लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ताब्यातील ‘प्रभात’ची मूळ रिळे भस्मसात झाली. चित्रपटावरील स्वामित्व साठ वर्षांनी संपते. १९६३ चा ‘आमचें नशीब’ २०२३ अखेर त्या बंधनातून सुटला, १९६६ च्या ‘निर्मोण’चीही तीच वाट. पण सर्वांच्या मालकीचा झालेला चित्रपट सुस्थितीतील प्रतीवाचून दाखवायचा कसा?

गोमंतकीय माणूस वितभर भाटासाठी एक-चौदाचा उतारा जपून ठेवतो. २००४ पासून आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरवणाऱ्या या राज्याने आपल्या कोकणी-मराठी चित्रपटांचीही तशीच नोंदवही करावी : मूळ प्रत कोठे आहे, कोणता हक्क कोणाकडे आणि कधीपर्यंत. महोत्सवाच्या रोषणाईपुढे हा खर्च किरकोळ आहे. मात्र तो टाळला, तर जे गमावू ते कोणत्याही किमतीला परत मिळणार नाही.